मैफल दहाच्या आत, मालिका केव्हाही!

दूरदर्शनच्या जुन्या मालिका आज हव्या त्या वेळी पाहता येतात. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांचे गाणेही खिशातल्या मोबाइलवर कोणत्याही क्षणी ऐकता येते. तरीही गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जुन्या रसिकांमध्ये विषय निघाला की ‘ती मजा आता नाही’ हे वाक्य हमखास कानी पडते. त्याला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्या ‘मजे’चा एक घटक अगदी घड्याळावर मोजता येण्याजोगा आहे. तो म्हणजे वेळ. मालिकेची वेळ आणि मैफलीची वेळ या दोन्ही गेल्या काही दशकांत बदलल्या. त्या का बदलल्या आणि त्या बदलात नेमके काय निसटले, हे समजून घ्यायला हवे.

आठवडाभराची प्रतीक्षा

मुंबई दूरदर्शनचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या काळात वाहिनी एकच, प्रसारण संध्याकाळचे काही तास आणि संच मोजक्या घरांत. चाळीत ज्याच्याकडे संच, त्याच्या खोलीचे दार कार्यक्रमाच्या वेळी उघडेच राही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव’ मालिका आली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांतले झाले. विनोद सौम्य, नेपथ्य साधे आणि भाग आठवड्यातून एकच. तो संपला की पुढचे सहा दिवस त्यावर चर्चा चाले. प्रस्तुत लेखकाच्या मते या मालिकेच्या यशात त्या सहा दिवसांचा वाटा लहान नव्हता. प्रेक्षकाला प्रसंग मनात घोळवायला, दुसऱ्याला सांगायला आणि सांगताना त्यात स्वतःची भर घालायला सवड मिळत होती.

‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलिकडले’ या कार्यक्रमांचेही तसेच. नाट्यगृहाचे तिकीट ज्याला परवडत नव्हते, त्याच्यापर्यंत रंगभूमीवरचा नट आणि मैफलीतला गायक या कार्यक्रमांनी पोहोचवला. ऐंशीच्या दशकात प्रायोजित मालिकांचे युग आले. बहुतेक मालिकांना तेरा भागांचा साचा असे. लेखकाला शेवट ठाऊक असे, त्यामुळे कथेला लांबण लावण्याचे कारण नसे. ‘वागळे की दुनिया’ किंवा ‘मालगुडी डेज’ आजही घट्ट विणीच्या वाटतात, त्यामागे हे बंधन आहे. याच काळात, जानेवारी १९८७ पासून, रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले की रस्ते ओस पडत.

पुढे चित्र पालटले. ‘दामिनी’ ही १९९७ मध्ये आलेली दूरदर्शनवरील मालिका मराठीतील पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर ‘आभाळमाया’ आली. या मालिकांनी काही गमावले तसे काही दिलेही. अशोक पत्की यांच्या चालीवर देवकी पंडित यांच्यासारख्या शास्त्रीय बैठकीच्या गायिकेचा स्वर रोज ठरावीक वेळी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून ऐकू येऊ लागला. शीर्षकगीत हे त्या दशकाचे भावगीतच ठरले. पण रोजच्या भागामुळे प्रतीक्षा उरली नाही आणि संध्याकाळचे सात ते दहा हे तास घराघरांत अडकले. नेमके हेच तास मैफलीचेही होते.

रात्रीची मैफल कुठे गेली?

मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत झाला. उत्सवातील गाणे हे तेव्हापासून या भागाचे वैशिष्ट्य. याच परिसरात प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात कुमार गंधर्व घडले. लालबाग-परळमध्ये वातावरण निराळे होते. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची डबलबारी भजने, शाहिरी, दशावतार. दशावतार तर मुळातच रात्रभर चालणारा. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांच्या वस्तीला रात्र ही झोपेचीच वेळ असते, असे कधी वाटले नाही. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि त्या वेळापत्रकाचा आधारही गेला.

त्यानंतर आला कायदा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्री बारापर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य सरकारला २००२ च्या दुरुस्तीने मिळाली. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला जातो. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये ज्या परळमध्ये जवळजवळ आहेत, तिथे या नियमाची गरज कोणीही नाकारणार नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारणाऱ्यांनीच ही वेळ ओढवून आणली, हेही मान्य केले पाहिजे. पण नियमाला भिंतीही तेवढ्याच आणि तंबोराही तेवढाच. पुण्याचा १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र जागवण्यासाठी ओळखला जाई, त्यालाही आपले वेळापत्रक आवरते घ्यावे लागले.

यात संगीताचे नुकसान कसे झाले, ते रागांच्या वेळेवरून कळते. हिंदुस्थानी परंपरेत रागाला प्रहर असतो. संध्याकाळी पूरिया धनाश्री, मग यमन, भूप. रात्र चढली की बागेश्री. मध्यरात्रीच्या सुमारास मालकंस आणि दरबारी कानडा. पहाटे ललित, भैरव. आणि ऊन वर आले की तोडी. मैफल सहाला सुरू होऊन दहाला संपते, तेव्हा या साखळीतला फार तर पहिला अर्धा भाग वाट्याला येतो. दरबारी साडेआठला गाता येत नाही असे नाही, पण घड्याळाकडे पाहत गायलेला दरबारी आणि शहर शांत झाल्यावर उमटणारा दरबारी यांत फरक पडतो. ध्वनिमुद्रिका राग जपून ठेवते. तो ज्या प्रहरात उमलतो, तो प्रहर तिला जपता येत नाही.

पहाटेचा तोडगा

रसिकांनी आणि आयोजकांनी यावर मार्ग काढला तो पहाटेचा. गिरगावात उभ्या राहिलेल्या चतुरंग प्रतिष्ठानने ऐंशीच्या दशकात ‘दिवाळी पहाट’ रुजवली, तेव्हा हे नियम नव्हते. पण पुढे तीच कल्पना सर्वत्र उपयोगी पडली. पहाटे मालिकांची स्पर्धा नसते आणि सहाला ध्वनिक्षेपकाची बंदीही उठते. ‘पंचम निषाद’ या संस्थेने प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ‘प्रातःस्वर’ या नावाने प्रभातीच्या मैफली भरवल्या आणि सकाळचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची सोय केली. संध्याकाळ वाचली, सकाळ परत मिळाली. मधली रात्र मात्र सुटली ती सुटलीच.

वास्तविक नियम बंदिस्त सभागृहांना ही बंदी घालत नाही. आवाज बाहेर जात नसेल तर दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात रात्रभर गाणे होण्यास ध्वनिप्रदूषण नियमांची आडकाठी नाही. अडचण व्यवहाराची आहे. नाट्यगृहे सत्रांच्या हिशेबाने दिली जातात, नाटके दुपारी आणि रात्री होतात आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळा त्याप्रमाणे बांधलेल्या असतात. जागाही कमी होत आहेत. परळचे दामोदर नाट्यगृह, कामगार रंगभूमीचे आणि कोकणी लोककलांचे हक्काचे घर, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. त्याविरुद्ध रंगकर्मींनी आवाज उठवला तो केवळ एका इमारतीसाठी नव्हता.

इथे मुंबईकराला पटेल असा एक साधा हिशेब मांडता येतो. बारा वाजता संपणारी मैफल सर्वांत गैरसोयीची, कारण श्रोत्याचा निम्मा जीव शेवटच्या लोकलमध्ये अडकलेला असतो. रात्रभराच्या मैफलीला मात्र शेवटच्या लोकलची भीती नसते, कारण तिथून घरी जायचे ते पहिल्या लोकलने. कोजागरीची एक रात्र, बंद दारांचे एक नाट्यगृह आणि सूर्योदयाला भैरवी, एवढे वर्षातून दोन-तीनदा जमवणे या शहराला अशक्य नाही. गणेशोत्सवात रात्रीच्या जादा लोकल सोडण्याचा अनुभव रेल्वेला आहेच.

जतन म्हणजे काय?

जुन्या मालिकांबाबत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. त्या काळी महाग असलेल्या टेप पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे दूरदर्शनचा बराच ठेवा कायमचा गेला. जे उरले ते जपायलाच हवे. परंतु २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा दिसून आले ते निराळेच. मालिका सर्वांच्या परिचयाची होती, तिच्या चकत्याही बाजारात मिळत होत्या. तरीही लोक ठरलेल्या वेळी संचासमोर बसले, कारण त्याच क्षणी इतर घरांतही तीच मालिका चालू आहे, याची जाणीव त्यांना होती.

अभिजात मालिका आणि जिवंत मैफल यांना जोडणारा धागा हाच आहे. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक कलेच्या वेळेला हजर राहत होता. आता कला त्याच्या वेळेला हजर राहते. ही सोय मोठी आहे आणि ती सोडावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र संग्रहाच्या कपाटात सर्व काही सुरक्षित आहे, या समाधानात राहण्यासारखे नाही. शहरातील नाट्यगृहे टिकली आणि त्यांत मध्यरात्रीचा मालकंस मध्यरात्री ऐकण्याची सोय झाली, तरच पुढच्या पिढीला ‘ती मजा’ म्हणजे काय हे कळेल. नाही तर ती वडीलधाऱ्यांकडून फक्त ऐकावी लागेल.