विहिरींतील विषारी वायु व तो मोजणाऱ्या यंत्राची पारख

काटा खरा कीं खोटा हें नुसतें काट्याकडे पाहून समजत नाहीं. त्यावर खरें वजन ठेवूनच तें ठरवावें लागतें. चाकणच्या बाजारांत कांदा नेणाऱ्या शेतकऱ्यास हें सांगावयास नको. पोतें कमी भरलें तर नुकसान पैशाचें होतें. परंतु विषारी वायु मोजणारें यंत्र खोटें निघालें तर माणूस जातो. म्हणून या यंत्राच्या पारखेविषयीं वाचकांपुढें चार शब्द ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय कारखानदारांचा, आपला नव्हे, असें कोणी समजूं नये. ता. ९ एप्रिल २०२४ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील नेवासा तालुक्यांत वाकडी येथें शेणाची मळी सांठविलेल्या जुन्या विहिरींत एक मांजर पडलें. त्यास काढावयास एक उतरला, त्याच्यामागें दुसरा, असें करतां करतां पांच माणसें दगावलीं. कमरेस दोर बांधून उतरलेला तेवढा एक वांचला.

मळी कुजतांना मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायु निघतात. शेवटच्यास कुजक्या अंड्यासारखी घाण येते खरी. पण त्याचें प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें १०० भागांवर गेलें कीं नाक बधिर होतें व वास येईनासा होतो. विहिरींत कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल येथें अपुरी पडते. प्राणवायु फार कमी झाला तर कंदील विझेल. परंतु थोडक्या विषारी वायूची सूचना तो देत नाहीं, आणि मिथेन असल्यास त्याच्याच ज्योतीनें भडका उडेल.

१९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व त्याच्या वसाहती पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरल्या. त्यांतील कारखान्यांत टाक्या व खड्डे साफ करण्यापूर्वीं आंतील हवा तपासावी, अशी तरतूद १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३६ व्या कलमांत होती. त्या कामाचें हातांत मावणारें यंत्र प्राणवायु, ज्वालाग्राही वायु, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड असे चार वायु दाखवितें. या पट्ट्यांतील ज्या बांधवांनीं जमिनीवर भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत, त्यांच्या मैल्याच्या टाक्यांसही हाच धोका आहे. टाकींत माणूस उतरवून धोकादायक सफाई करविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई आहे. तें काम यंत्रानेंच करवावें.

आतां मुख्य मुद्दा. यंत्रांतील संवेदक कालांतरानें मंदावतात, आणि मंदावलेलें यंत्र पडद्यावर शून्य दाखवून निर्धास्त करतें. त्यास ओळखीचा वायु पाजणें हीच खरी परीक्षा. बाजारांत मिळणाऱ्या तपासणी-वायूच्या सिलिंडरांत बहुधा मिथेन शेंकडा २॥, प्राणवायु शेंकडा १८, आणि दहा लक्ष भागांत कार्बन मोनॉक्साइड १०० व हायड्रोजन सल्फाइड २५ भाग असून बाकीचा नत्रवायु असतो. हायड्रोजन सल्फाइड लोखंडास चिकटून कमी होतो, म्हणून सिलिंडर अल्युमिनियमचा घ्यावा. साधी रबरी नळी न लावतां यंत्रासोबतची आंखूड नळीच लावावी. लेबलावरील मुदत टळलेला वायु म्हणजे झिजलेलें वजन होय.

कृति येणेंप्रमाणें. यंत्र मोकळ्या हवेंत, चालत्या इंजिनाच्या धुरापासून दूर सुरू करावें. तेथें प्राणवायु २०.९ व इतर आंकडे शून्य दिसले पाहिजेत. लेबलावरील आंकडे यंत्रांत भरलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. मग सिलिंडरास रेग्युलेटर बसवून नळी यंत्राच्या टोपणास जोडावी व वायु सोडावा. रेग्युलेटर बहुधा मिनिटास अर्धा लिटर वायु देतो. म्हणजे ५८ लिटरांचा सिलिंडर जवळजवळ दोन तास पुरतो, आणि दोन मिनिटांच्या परीक्षेस लिटरभरच लागतो. आंकडे लेबलाजवळ येऊन स्थिरावले व दिवा, घंटी, कंप हीं तिन्ही चाललीं तर यंत्र कामाचें. न जुळल्यास त्याच वायूवर जुळणी करावी. तरीही न जुळल्यास संवेदक बदलावा. शेवटीं रेग्युलेटर काढून ठेवावा, नाहींतर वायु झिरपून जातो. ही परीक्षा दर कामाच्या दिवशीं करावी व तारीख वहींत लिहावी.

एक इशारा अवश्य ध्यानांत ठेवावा. हें चार वायूंचें यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजीत नाहीं. विहिरींत तो शेंकडा ५ झाला तरी प्राणवायु १९.९ च्या आसपास दिसेल, आणि घंटी १९.५ ला वाजते! अशा जागीं त्या वायूचा निराळा संवेदक असलेलें यंत्रच हवें. हवा वर, मधें व तळाशीं अशी तिन्ही ठिकाणीं यंत्र दोरानें सोडून पाहावी.

एकट्यास हा खर्च जड वाटेल. पण गांवच्या सोसायटीनें एक यंत्र व एक सिलिंडर ठेवल्यास साऱ्यांची सोय होईल. ठेकेदार यंत्र घेऊन आला तर त्यास इतकेंच विचारावें, "यास वायु केव्हां दाखविला होता?" उत्तर मिळेपर्यंत कोणासही खालीं उतरूं देऊं नये. गडी आपल्या शब्दावर उतरतो. त्याच्या जिवाची जबाबदारी मालकाचीच आहे.