रिकाम्या सीटचा हिशोब
फांग-न्गाच्या उपसागरातील एक दिवसाची बोट-सहल

थायलंडच्या दक्षिणेस अंदमान समुद्रात फुकेत हे मोठे बेट आहे. फुकेत आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये फांग-न्गाचा उपसागर पसरला आहे. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे उंच सुळके, त्यांच्या पोटातील गुहा आणि किनाऱ्याची खारफुटी पाहण्यासाठी येथे जगभरचे प्रवासी येतात. व्यापारानिमित्त बँकॉकला जाणारे आमचे काही बांधवही काम आटोपल्यावर दोन दिवस फुकेतला काढतात. तेथील हॉटेलात उतरले की दारातच विचारणा होते, "उद्या बेटांची सफर करणार का? सकाळी गाडी येईल, संध्याकाळी परत आणून सोडू."

ही सफर म्हणजे एक धंदा आहे आणि तो कसा चालतो हे समजून घेण्यासारखे आहे. प्रवाशाला त्यातून आपले पैसे आणि जीव दोन्ही सांभाळता येतात, आणि व्यापाऱ्याला एक धडाही मिळतो. म्हणून या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

सफर कशी असते?

सकाळी हॉटेलवर गाडी येते, ती धक्क्यावर नेते. तेथे वेगवेगळ्या हॉटेलांतून आणलेली माणसे एका बोटीत बसतात. या उपसागराचा मोठा भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून उद्यानाची फी वेगळी भरावी लागते. होंग, पनाक यांसारख्या बेटांच्या पोटात समुद्राने कोरलेल्या गुहा आहेत. तेथे बोट बाहेर उभी राहते आणि लहान होडक्यातून आत जावे लागते. पुढचा मुक्काम खाओ फिंग कान. त्याच्यासमोर को तापू नावाचा सुमारे २० मीटर उंचीचा सुळका पाण्यात उभा आहे. 'को' म्हणजे बेट आणि 'तापू' म्हणजे खिळा. १९७४ च्या एका जेम्स बाँड चित्रपटात हा सुळका दिसला आणि तेव्हापासून ही जागा जगाला माहीत झाली. वर्दळीने सुळक्याची झीज होऊ नये म्हणून १९९८ पासून बोटींना त्याच्याजवळ जाण्यास बंदी आहे. दुपारचे जेवण, एखाद्या किनाऱ्यावर पोहणे, आणि संध्याकाळी परत.

बोटी अनेक प्रकारच्या असतात. थाई लोकांची लांब शेपटीची नाव असते. तिच्या मागे गाडीचे इंजिन बसवून लांब दांड्याच्या टोकाला पंखा लावलेला असतो. दांडा वर उचलता येतो, म्हणून ती उथळ पाण्यातही चालते. स्पीडबोट झपाट्याने जाते, पण लाटेवर आपटते. गरोदर स्त्रिया आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी तिच्यात बसू नये. शिडाची यॉट संथ जाते आणि वाऱ्यात एका बाजूला कलते. दोन बुडांची कॅटामरान कमी हलते, म्हणून मुलेबाळे बरोबर असतील तर ती बरी. शिडाच्या बोटीलाही इंजिन असतेच. वारा पडला किंवा वेळ गाठायची असली की ते चालू करतात.

सीट आणि उक्ते भाडे

आमच्या व्यापारी बांधवांना ट्रकचे दोन प्रकारचे भाडे ठाऊक आहे. पूर्ण ट्रक घेतला तर भाडे उक्ते. थोडाच माल असला तर तो इतरांच्या मालाबरोबर पार्ट लोडने जातो. बोटीचेही असेच आहे. पूर्ण बोट उक्ती घेता येते, किंवा सीट घेऊन अनोळखी माणसांबरोबर जाता येते.

हिशोब कसा बसतो ते पाहू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, ३० सीटच्या बोटीचा डिझेल, तांडेल, खलाशी, धक्का आणि कर्जाचा हप्ता मिळून दिवसाचा खर्च ३०,००० रुपये आहे. बोटीत एक माणूस असो की तीस, हा खर्च बदलत नाही. त्याशिवाय जेवण, उद्यानाची फी आणि हॉटेलची गाडी यांसाठी माणशी ८०० रुपये लागतात. सीटचा दर २,५०० रुपये आहे. त्यातले ५०० रुपये सीट विकणाऱ्या दलालाला जातात. मालकाच्या हातात माणशी १,२०० रुपये उरतात.

यावरून असे दिसते की, २५ माणसे भरली तर मालक बरोबरीत सुटतो. तीसच्या तीस सीट गेल्या तर त्याला ६,००० रुपये नफा होतो. वीसच माणसे आली तर ६,००० रुपये पदरचे जातात. म्हणजे सारा नफा शेवटच्या पाच सीटवर आहे. रिकामी सीट घेऊन बोट सुटली की ती सीट पुन्हा विकता येत नाही. दुकानातला न विकलेला माल उद्या विकता येतो, बोटीची आजची सीट आजच संपते. या धंद्याच्या बऱ्याच चाली याच एका गोष्टीतून निघतात. आदल्या रात्री दर का उतरतो, दलालाला भरपूर कमिशन का मिळते, चार कंपन्यांची माणसे एकाच बोटीत का दिसतात, या सर्वांचे उत्तर रिकामी सीट हे आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही हिशोब करावा. वरच्याच आकड्यांत दहा माणसांच्या कुटुंबाने बोट उक्ती घेतली आणि मालकाने ६,००० रुपये नफा धरला, तर खर्च ४४,००० रुपये होतो, म्हणजे माणशी ४,४००. पण वीस माणसे असतील तर एकूण ५२,००० रुपये, म्हणजे माणशी २,६००. सीटच्या दरात आणि यात फरक फक्त शंभराचा राहिला. चोवीस माणसे झाली तर उक्ती बोट सीटपेक्षाही स्वस्त पडते, कारण मध्ये दलाल नाही. शिवाय वेळ, जेवण आणि मुक्काम आपल्या सोयीने ठरतात. तेव्हा व्यापारी संघटनेची किंवा नातेवाइकांची मोठी मंडळी एकत्र निघाली असेल तर सीट न घेता सरळ बोटवाल्याशी उक्ता भाव करावा.

को पनयीचे लोक काय शिकले?

या सफरीत दुपारच्या जेवणाला बऱ्याच बोटी को पनयी या गावी थांबतात. हे गाव मुसलमान कोळ्यांचे आहे. पूर्वी मलय मुलखातून आलेल्या मच्छीमार कुटुंबांनी ते वसवले. किनाऱ्यावरची जमीन घेण्याचा हक्क त्या काळी परक्यांना नव्हता, म्हणून त्यांनी एका सुळक्याच्या आडोशाला पाण्यातच खांब रोवून घरे बांधली, असे सांगतात. आज तेथे घरे, शाळा, दुकाने सर्व खांबांवर आहे आणि गावाची मशीदही आहे. जागेची टंचाई इतकी की, १९८६ चा फुटबॉलचा विश्वचषक पाहून गावच्या मुलांना खेळायची हौस आली, तेव्हा त्यांनी जुन्या फळ्या जोडून तरंगते मैदान तयार केले.

गावाचा मूळ धंदा मासेमारी. प्रवासी सुळका पाहायला येऊ लागले तेव्हा गावकऱ्यांकडे मोठ्या यॉट नव्हत्या की फुकेतच्या हॉटेलांशी ओळख नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती. सकाळी निघालेली बोट दुपारी ज्या ठिकाणी असते त्याच्या जवळ त्यांचे गाव होते, आणि दुपारी प्रत्येकाला भूक लागते. त्यांनी धक्क्याला लागून मोठी भोजनालये काढली. बोटवाल्यांशी माणशी दर ठरतो आणि शेकडो माणसे एका वेळी जेवतात. धक्क्यापासून आत जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा दुकाने आहेत. तेथे मोत्यांचे दागिने, बाटिकचे कापड, सुके मासे आणि कोळंबीची चटणी विकायला असते.

कारागिरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा ग्राहक तासाभरापुरता असतो. त्याची पिशवी भिजलेली असते आणि पुढे त्याला पुन्हा बोटीत चढायचे असते. तो जड, फुटणारी किंवा घासाघीस करावी लागणारी वस्तू घेत नाही. हलकी, लहान, पाण्याने न बिघडणारी आणि भाव लिहिलेली वस्तू घेतो. त्यातही कारखान्यातून आणलेली वस्तू त्याला प्रत्येक धक्क्यावर मिळते. त्याच गावात, त्याच्या डोळ्यांसमोर तयार होणारी वस्तू दुसरीकडे मिळत नाही आणि तिचा भावही पडत नाही.

मात्र पाहुण्यांच्या धंद्याला धोका आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने परदेशी प्रवासी थांबले, ते फुकेतला १ जुलै २०२१ पासून परत येऊ लागले. त्या काळात बऱ्याच बोटी बांधून होत्या. म्हणून पाहुणे आले तरी जाळे पुरते गुंडाळून ठेवू नये.

भरती, वारा आणि माणसाचा जीव

गुहांत शिरण्याची वेळ घड्याळावर नसते, ती भरती-ओहोटीवर असते. भरती पूर्ण आली की गुहेचे तोंड बुडते, ओहोटी फार झाली की होडके चिखलात रुतते. म्हणून चांगला तांडेल रोज मुक्कामांचा क्रम बदलतो. एक माणूस वीस मिनिटे उशिरा आला तर तीस जणांची गुहा हुकते, हे प्रवाशांनीही लक्षात ठेवावे.

आपल्या कोकणात पाऊस आणणारा नैर्ऋत्य वारा तेथेही मे ते ऑक्टोबर जोरात असतो. फांग-न्गाचा उपसागर फुकेतच्या आडोशाला असल्याने तेथे पावसाळ्यातही बोटी चालतात. पण बाहेरच्या उघड्या समुद्रातील सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दरवर्षी बंद ठेवतात.

रिकाम्या सीटचा हिशोब जीवघेणा होतो तो येथेच. वारा सुटला म्हणून सफर रद्द केली तर डिझेल वाचते, पण पगार आणि हप्ता सुटत नाही, आणि घेतलेले पैसे परत करावे लागतात. मग "काही होत नाही, चला" असे म्हणण्याचा मोह होतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ चिनी प्रवाशांना घेऊन परतणारी बोट वादळी लाटांत बुडाली आणि ४७ माणसे मेली. हवामानाचा इशारा आधी दिलेला होता.

दूरचे कशाला? १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी समुद्रात वादळ नव्हते. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. धडक कोणाच्या चुकीने होते हे प्रवाशाच्या हातात नसते, पण अंगावर जॅकेट असणे त्याच्या हातात असते. बाकाखाली बांधून ठेवलेले जॅकेट बुडताना उपयोगी पडत नाही.

पैसे देण्यापूर्वी हे विचारा

१. बोटवाल्याचा किंवा सफर कंपनीचा परवाना क्रमांक पावतीवर आहे काय? प्रवाशांचा विमा आहे काय?

२. बोटीत जास्तीत जास्त किती माणसे नेण्याची परवानगी आहे आणि उद्या किती नेणार?

३. जॅकेट प्रत्येकाला आहे काय? मुलांच्या मापाची वेगळी आहेत काय? मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते.

४. हवा बिघडली तर निर्णय तांडेलाचा की कार्यालयाचा? पैसे पूर्ण परत मिळतात काय? हे लिहून घ्यावे. पूर्ण पैसे परत देणाऱ्याचा दर थोडा जास्त असला तरी तोच घ्यावा.

५. उद्यानाची फी, होडके आणि हॉटेलची गाडी दरात धरली आहे काय?

६. जेवण कोठे? को पनयीला असेल तर ते हलाल असते आणि जोहरच्या नमाजाचीही सोय होते. जेवण यॉटवर असेल तर ते बाहेरून बनवून येते, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पुष्कळ यॉटींवर दारूही चालते, हेही आधी विचारावे.

आणखी एक. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे आठवण म्हणून किंवा विकायला आणू नयेत. पोवळे आणि मोठ्या जातीचे शिंपले यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही पोवळ्याला संरक्षण आहे. विमानतळावर माल जातो आणि खटलाही होतो.

शेवटी कोकणच्या बांधवांसाठी दोन शब्द. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात, मालवणहून सिंधुदुर्गला बोटी जातात. आपल्याकडेही पाहुणा बोटीत बसतो आणि परत धक्क्यावर उतरतो. तो उतरतो तेव्हा त्याला भूक लागलेली असते आणि घरच्यांसाठी काहीतरी न्यायचे असते. ते ताट आणि ती वस्तू गावचीच असावी, याची तयारी गावानेच करायला हवी. आणि हवा वाईट असेल त्या दिवशी तांडेलाने "आज नाही" म्हटले तर त्याचा रोज बुडू नये, अशी व्यवस्था बोटवाल्यांनी आपसात करून ठेवावी. भरलेल्या बोटीचा नफा सर्वांना मिळतो, तेव्हा न सुटलेल्या बोटीचा तोटाही सर्वांनी थोडाथोडा वाटून घेतला पाहिजे.