हमाल : एका शब्दाचा प्रवास

‘हमाल’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला, पण तो मूळचा अरबी. तिथले रूप ‘हम्माल’. ह-म-ल या धातूचा अर्थ वाहणे. उर्दूत गर्भवतीला ‘हामिला’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. पाठीवर पोते वाहणारा आणि पोटात जीव वाहणारी, दोघांचे कूळ एक.

अरबीत धातूचे मधले व्यंजन दुणावून, त्यापुढचा स्वर लांबवून व्यावसायिकाचे नाव घडते : हम्माल, दल्लाल, सर्राफ. मराठीने द्वित्व गाळले आणि हमाल, दलाल, सराफ असे एकाच साच्यातले तिघे आपल्या बाजारपेठेत नांदू लागले. ‘ई’ लागून हमाली आणि दलाली झाली. हे शब्द कामाचेही नाव आणि त्या कामाच्या मोबदल्याचेही. म्हणून तर व्यापाऱ्याच्या हिशोबपट्टीवर ‘हमाली’, ‘तोलाई’ असे रकाने असतात.

पुढे या तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सराफाला प्रतिष्ठा मिळाली, दलालाभोवती संशय जमला आणि हमालीला तिसराच अर्थ चिकटला : डोके न लागणारे, कुणी मोल न करणारे कष्ट. ‘नुसती हमाली केली’ असे लेखनिकही म्हणतो आणि गृहिणीही. मला हा अर्थ अन्यायाचा वाटतो. पोते पाठीवर तोलून फळीवरून ट्रकमध्ये चढणे, थप्पी कलणार नाही अशी रचणे, हे शिकावेच लागते.

मग शब्दच बदलावा का? २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलींना ‘सहायक’ हे नाव दिले गेले. महाराष्ट्राने त्याआधीच वेगळी वाट धरली होती. १९६९च्या कायद्याच्या शीर्षकातच ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ असे शब्द आहेत. त्या कायद्याने मंडळे आणली, कामगारांची नोंदणी आणली, भविष्यनिर्वाह निधीची सोय आणली. पुण्यात बाबा आढावांनी उभारलेली संघटनाही ‘हमाल पंचायत’ याच नावाने ओळखली जाते.

शब्दाची हेटाळणी समाजाने केली, तो मुळात हीन नव्हता. नाव पालटून ती हेटाळणी जाईल असे मला वाटत नाही. हमालीचा दुसरा अर्थ, म्हणजे कामाचा मोबदला, वेळेवर आणि पुरेसा हाती पडू लागला, तरच तिसरा अर्थ झिजेल.