झाकली मूठ आणि उघडा हिशेब

परभणीतील एका बँकेच्या शाखेत गेल्या वर्षी घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही. रांगेत माझ्यापुढे जिंतूरकडच्या एका खेड्यातील प्रौढ बाई उभी होती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये तिच्या खात्यात जमा झाले होते आणि ते सर्वच्या सर्व तिला काढून हवे होते. रोखपाल भला माणूस. ‘मावशी, एवढ्या लांबून आलात, थोडे खात्यात राहू द्या, सुरक्षित राहतील,’ असे त्याने सुचविले. बाईने नुसती मान हलविली, नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि कनवटीला लावल्या. बाहेर पडताना मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘खात्यात राहिले की घरात समद्यायला दिसतेत, दादा. बँकेचा मेसेज पोराच्या फोनवर येतो. डब्यातले कोणाला दिसत न्हाईत.’

गेली अनेक वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो आहे. माणूस पैसा रोख स्वरूपात जवळ का बाळगतो, याचे तीन हेतू केन्सने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले : व्यवहाराचा, सावधगिरीचा आणि सट्ट्याचा. विद्यार्थी परीक्षेत ते बिनचूक लिहितात. पण या बाईने सांगितलेला हेतू त्या तिहींपैकी एकातही नीट बसत नाही. सावधगिरीच्या सदरात तो घालावा म्हटले, तर केन्सच्या मनातील सावधगिरी अनपेक्षित खर्चासंबंधीची होती. घरच्याच माणसांच्या नजरेसंबंधीची नव्हती. आपला पैसा आपल्यापुरता राहावा, त्याची वार्ता दुसऱ्यास लागू नये, हा पैसा हाती ठेवण्याचा चौथा हेतू आहे, आणि क्रमिक पुस्तकांनी त्याची दखल घेतली नसली तरी आपल्या आयाबहिणींना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

रोख पैशाच्या भवितव्याची चर्चा मात्र आपल्याकडे दोनच अंगांनी होते. एक सोयीचे, दुसरे काळ्या पैशाचे. सोयीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या युपीआय पद्धतीने ऑगस्ट २०२५ च्या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. गंगाखेडच्या भाजीवालीपासून पाथरीच्या चहावाल्यापर्यंत सर्वांच्या पुढ्यात तो काळा-पांढरा चौकोन दिसतो, आणि सुट्ट्या पैशांची जुनी कटकट संपली याचा आनंद मलाही आहे. काळ्या पैशाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि चार तासांनी देशातील चलनाच्या मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग कायदेशीर चलन म्हणून संपला. त्या नोटांचे एकूण मूल्य सुमारे १५.४१ लाख कोटी रुपये होते; रिझर्व्ह बँकेच्याच अहवालानुसार त्यांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आले. याचा अर्थ काळा पैसा नव्हता असा नव्हे. तो नोटांच्या थप्प्यांत दडून बसलेला असतो ही समजूत खोटी ठरली, एवढाच. जमिनीत, सोन्यात आणि परक्यांच्या नावांवर तो सुखरूप राहिला. मौज अशी की रोख पैशाचे महत्त्व कमी होणार म्हणून सांगितले गेले आणि मार्च २०१६ मध्ये सुमारे १६.४ लाख कोटी रुपयांचे असलेले नोटांचे चलन मार्च २०२४ अखेर ३४.८ लाख कोटींच्या घरात गेले. मोबाईलवरचे व्यवहारही वाढले आणि नोटाही वाढल्या. लोक देण्याघेण्यासाठी फोन वापरतात व राखून ठेवण्यासाठी नोट, असा याचा उलगडा मला दिसतो.

त्या दिवसांत खरोखर उघडा पडला तो डाळीच्या डब्यातला पैसा. माझ्या आईने ज्वारीच्या कोठीच्या तळाशी एका कापडी पिशवीत पाचशेच्या अकरा नोटा ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या घरखर्चातून वाचवलेले ते पैसे. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात तिने ती पिशवी माझ्या वडिलांपुढे आणून ठेवली, तेव्हा चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. वडील रागावले नाहीत. ‘हे कुठून आले?’ एवढेच म्हणाले. परंतु पन्नास वर्षांच्या संसारात या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी तिच्यावर प्रथमच आली होती. असे प्रसंग त्या महिन्यात किती घरांत घडले असतील, त्याची नोंद कोणत्याही आर्थिक पाहणीत नाही.

‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याने लपवायचे कशाला?’ असा प्रश्न सुशिक्षित मंडळीही विचारतात. असा प्रश्न विचारणाऱ्या सद्‌गृहस्थाने आपले पासबुक कचेरीतील टेबलावर आठवडाभर उघडे ठेवून पाहावे. त्यात पाप सापडणार नाही. कोणत्या डॉक्टरकडे किती वेळा गेलो, कोणत्या वकिलाला पैसे दिले, धाकट्या भावाला बायकोच्या नकळत काय पाठविले, कोणत्या संस्थेला वर्गणी दिली, महिन्याच्या वीस तारखेला कोणाकडून उसने घेतले, हे सारे सापडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ती म्हण चोराच्या मुठीविषयी नाही; चार लोकांत अब्रूने वावरू पाहणाऱ्या, हाती फारसे काही नसलेल्या माणसाच्या मुठीविषयी आहे.

नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा त्या व्यवहारात दोनच माणसे असतात, आणि दहा मिनिटांनी तो झाला होता याची खूणही उरत नाही. फोनवरून दहा रुपये दिले की देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, मधली यंत्रणा आणि ज्या कंपनीचे अ‍ॅप आपण वापरतो ती कंपनी, एवढे साक्षीदार उभे राहतात. नाव, रक्कम, वेळ, सारे लिहिले जाते. शिवाय दुकानातील ती बोलकी पेटी रक्कम मोठ्याने जाहीर करते ते वेगळेच! आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने झेरॉक्सचे पाच रुपये असे मोबाईलवरून दिले. दुकानातल्या मुलाला पैशाबरोबर तिचे नाव आणि फोन क्रमांकही मिळाला. त्याच रात्री त्याचा संदेश आला, दुसऱ्या दिवशी आणखी दोन आले. ती मुलगी आता दप्तराच्या कप्प्यात पाच-दहाची नाणी ठेवते. खासगीपण हा शब्द तिला राज्यशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही.

येथे दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोजगार हमीच्या कामावर मजुराच्या अंगठ्यापुढे मस्टरवर लिहिलेली रक्कम आणि त्याच्या हातात पडलेली रक्कम यांतील अंतर मराठवाड्याला चांगले माहीत आहे. मजुरी थेट खात्यात जाऊ लागल्यावर मधले हात पुष्कळ कमी झाले. रोख पैशाची अनामिकता दुबळ्याला झाकते तशीच त्याला लुबाडणाऱ्यालाही झाकते. म्हणून सरकारने दिलेला पैसा नोंदीने जावा, मोठ्या व्यवहारांची नोंद राहावी, दोन लाखांवरील रोख रक्कम स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने बंदी आहे ती असावी, यास माझा विरोध नाही. परंतु खात्यात गेलेला पैसा सर्वस्वी आपला असतो असेही नाही. अतिवृष्टीचे किंवा दुष्काळाचे अनुदान जमा झाले की थकीत कर्जापोटी खाते रोखून धरलेले असते, हा अनुभव आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवा नाही. अनुदान कर्जात वळते करून घेऊ नये, असे आदेश शासनाला पुन्हा पुन्हा काढावे लागतात, यातच सारे आले.

चलन जाणे म्हणजे काय, हे परभणीच्या जुन्या माणसांनी एकदा पाहिलेले आहे. निजामाच्या राजवटीत येथे हाली सिक्का चालत असे. इंग्रजी हद्दीतील रुपया तो ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा भाव. मनमाडला उतरून पुढे जायचे तर गाठीच्या रुपयांचा हिशेब बदलावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, पण हाली सिक्का एका रात्रीत रद्द झाला नाही. काही वर्षे दोन्ही चलने शेजारीशेजारी चालली, आणि खेड्यातल्या माणसाला गाडग्यातील रुपये बाहेर काढून, कोणाला जाब न देता, हळूहळू बदलून घ्यावयास सवड मिळाली. या चलनाचा कारभार पाहण्यासाठी जी हैदराबाद स्टेट बँक १९४० नंतरच्या दशकात उभी राहिली, तीही पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद होऊन अखेर १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. परभणीतल्या कित्येक शिक्षकांचा पहिला पगार त्या बँकेत झाला. असो. सांगावयाचे ते हे की त्या वेळी राज्यसत्ता बदलली, राजमुद्रा बदलली, तरी चलन बदलताना माणसाच्या सवयीला आणि संकोचाला वेळ दिला गेला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण थट्टेने म्हणतो. या एका बाबतीत ती थट्टा खरी आहे. उद्योगधंद्यांत एवढे पुढारलेले जर्मन लोक रोख पैशाला चिकटून आहेत. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत दुकानातील व इतर रोजच्या खरेदीचे निम्म्याहून किंचित अधिक व्यवहार रोखीने झालेले आढळले. गेल्या शतकात दोन निरनिराळ्या राजवटींनी घराघरांत पाळत ठेवल्याची आठवण त्या समाजात जिवंत आहे. स्वीडन त्याच्या अगदी उलट टोकाला गेला, नोटा जवळजवळ दिसेनाशा झाल्या, आणि मग २०२० पासून मोठ्या बँकांनी रोख रकमेची सेवा दिलीच पाहिजे असा कायदा त्याला करावा लागला.

आपल्याकडे कायद्याची स्थिती काय? १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाच्या म्हणजे १९७० च्या कायद्यात ग्राहकाच्या व्यवहारांची गुप्तता राखण्याचे बंधन बँकांवर घातलेले आहे. बँकेकडे कागद दिले म्हणून त्यांवरील आपला खासगीपणाचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सांगितले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र त्यातून आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून डिजिटल रुपयाचा सर्वसामान्यांसाठी प्रयोग सुरू केला. लहान रकमांना रोखीसारखी अनामिकता देण्याचा विचार तिने बोलून दाखविला, ही समाधानाची गोष्ट. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ठराविक कामासाठीच खर्च करता येईल अशा डिजिटल रुपयाची चाचणी घेण्याचेही तिने जाहीर केले. अशा रुपयाने खत घेता येईल आणि मुलीची परीक्षा फी भरता येणार नाही. हाती आलेला रुपया कशावर खर्चावा हे दुसऱ्याने ठरविले, तर त्याला पैसा म्हणावे की कुपन, असा प्रश्न मी यंदा वर्गात विचारला. मुलांत चांगलाच वाद झाला.

यंत्र बंद पडले म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर मोबाईलवरील देवाणघेवाण काही तास खोळंबली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात अशांतता माजली तेव्हा इंटरनेट सेवाच बंद ठेवण्यात आली होती. त्या दिवशी ज्याच्या खिशात शंभराची नोट होती त्याला दूध आणि औषध मागता आले.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. तालुक्याच्या गावी बँकेत पैसे काढावयास गेलेल्या माणसाला ‘फोनवरून का करीत नाही?’ असे ऐकावे लागू नये. एटीएममध्ये पाचशेखेरीज शंभराच्याही नोटा असाव्यात. दहाचे नाणे कायदेशीर आहे असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट करूनही आपल्याकडचे दुकानदार ते नाकारतात, त्यांना कोणी तरी समजावून सांगावे. महाविद्यालयाची फी, बसचे तिकीट, दवाखान्याचा केसपेपर या ठिकाणी नोट स्वीकारणे बंधनकारक असावे. आणि बाईच्या खात्यावरील संदेश बाईच्याच फोनवर जातो की नाही, एवढे तरी खाते उघडतानाच विचारले जावे.

माझ्या आईने २०१७ च्या संक्रांतीनंतर पुन्हा पैसे साठविण्यास आरंभ केला. आता नोटा पन्नासाच्या आणि शंभराच्या आहेत. पिशवीची जागाही बदलली आहे. ती कोठे असते हे मला माहीत आहे. त्यात किती आहेत, हे मी विचारलेले नाही.