बाटलीतली रानफळं

युरोपातल्या जंगलांच्या कडेला आपसूक उगवणारी रानस्ट्रॉबेरी असते इवलीशी, पण वास दरवळणारा. बाजारातली टपोरी स्ट्रॉबेरी वेगळी: चिली आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन जातींचा १८व्या शतकात फ्रान्समध्ये झालेला संकर. चिलीची रोपं १७१४ मध्ये फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने आणली.

रेड वाइनलाही अनेकदा अशाच बेरींचा गंध येतो; तिच्यात मात्र यातलं एकही फळ पडत नाही! स्ट्रॉबेरी-रास्पबेरीचा भास देणारी बरीचशी एस्टर संयुगं द्राक्षरस आंबताना यीस्ट तयार करतं.

फ्रान्सच्या बोजोले भागात गामे जातीच्या द्राक्षांचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवतात. आंबण्याची सुरुवात न फुटलेल्या दाण्यांतच होते आणि लाल बेरींचा गंध खुलतो.

कॅलिफोर्नियातल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांच्या १९८४ च्या ‘वाइन अरोमा व्हील’ या वाइनच्या गंधांची वर्गवारी मांडणाऱ्या चक्रात बेरींचा स्वतंत्र गट आहे.