हळदीचा पिवळेपणा आणि शिसे : विषमुक्त ग्राहकवस्तूंच्या चळवळीचा एक विचार

प्रस्तावना :
दैनंदिन वापरातील वस्तूंमधून विषारी रसायने हद्दपार करण्याच्या चळवळीचा विषय निघाला की घरांना लावावयाचे रंग, खेळणी व सौंदर्यप्रसाधने यांचा विचार प्रामुख्याने होतो. हिंगोली जिल्ह्यासाठी मात्र या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे हळद होय. डोंगरकडा परिसरात केळीबरोबर हळदीचेही पीक घेतले जाते आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येथील हळदीवर आरोप करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हळद उत्पादक जिल्ह्याने या चळवळीत अग्रभागी का असावे, याचे विवेचन येथे केले आहे.

समस्येचे स्वरूप :
शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो आणि त्यानंतर ढोलात घालून तिला पॉलिश केले जाते. हळकुंड जितके पिवळेधमक तितका भाव अधिक, ही बाजाराची रीत आहे. पावसात भिजलेले किंवा नीट न वाळलेले हळकुंड निस्तेज दिसते. ही उणीव झाकण्यासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट वापरले जाते. हा शिसे व क्रोमियमयुक्त पिवळा रंग मुळात औद्योगिक वापराचा आहे. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते व मेंदूच्या विकासावर कायमचा परिणाम करते. मूल आजारी दिसत नाही. केवळ अभ्यासात मागे पडते. म्हणूनच हे विष दीर्घकाळ लक्षात येत नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, श्रीलंका व नेपाळमधील २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण प्रतिग्रॅम २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक होते. पाटणा येथील काही नमुन्यांत ते १००० मायक्रोग्रॅमच्याही पुढे गेले होते.

बांगलादेशाचा अनुभव :
या संदर्भात बांगलादेशाचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. तेथे १९८० च्या दशकातील महापुरानंतर निस्तेज झालेल्या हळदीला रंग देण्याची प्रथा पडली. स्टॅनफर्ड विद्यापीठ व ढाका येथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राच्या संशोधकांनी गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग समस्थानिकांच्या साहाय्याने हळदीपर्यंत काढला. २०१९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर होताच तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूचनापत्रके वाटली, घाऊक बाजारात क्ष-किरण यंत्राने जागेवरच तपासणी केली, माल जप्त केला व व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही लक्षणीय घटले.

कायदा व त्याची मर्यादा :
भारतात हळदीतील शिशाची कमाल मर्यादा प्रतिकिलो १० मिलिग्रॅम असून लेड क्रोमेटला पूर्ण मज्जाव आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली. औद्योगिक रंग मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजेच अन्नात निषिद्ध असलेले द्रव्य बाजारात मात्र उपलब्ध राहते. केवळ कायद्याने हा प्रश्न सुटत नाही, तो यामुळेच.

महाविद्यालयांची भूमिका :
या कार्यात महाविद्यालये पुढीलप्रमाणे सहभागी होऊ शकतात.
१) रसायनशास्त्र विभागाने प्राथमिक चाचणीचे प्रात्यक्षिक द्यावे. रंगवलेले हळकुंड पाण्यात टाकताच रंग सोडते, शुद्ध हळकुंड सोडत नाही. तथापि ही चाचणी केवळ संशय दर्शविते. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असतो.
२) वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी रंगाऐवजी कुरक्युमिनचे प्रमाण व आर्द्रता यांवर भाव ठरविण्याच्या पद्धतीचा अभ्यास करावा.
३) राष्ट्रीय सेवा योजनेने पॉलिश केंद्रे, आडत दुकाने व आठवडी बाजार येथे प्रबोधन करावे.

निष्कर्ष :
भेसळीचे मूळ शेतात नसून झगझगीत रंगाला मिळणाऱ्या जादा भावात आहे. बदनामी झाल्यास तिचा पहिला फटका मात्र प्रामाणिक शेतकऱ्यालाच बसतो. म्हणून तपासणीची मागणी ग्राहकांइतकीच उत्पादकांकडूनही यावयास हवी. मानांकनाने हळदीला नाव मिळाले आहे. त्या नावाची विश्वासार्हता नियमित तपासणीनेच टिकेल.