दिवे लागतात, मग मोटार का सुरू होत नाही?

गेल्या श्रावणात एके दिवशी पहाटे आजीला डोळे दाखविण्यासाठी गोंदियाला न्यायचे होते. बालाघाटात रात्रभर पाऊस कोसळला होता. वडिलांनी मोटारीची किल्ली फिरविली; आतून ‘टक्‌’ असा एकच आवाज आला आणि सारे शांत! समोरचे दिवे मात्र लख्ख लागत होते. शेवटी आजीला आगगाडीने न्यावे लागले. पुढे एका जाणत्या माणसाच्या सल्ल्यावरून नवी बॅटरी बसविली. पंधरा दिवस गाडी सुरळीत चालली. नंतर एका ओल्या सकाळी पुन्हा तोच ‘टक्‌’.

दिवे लागतात त्या अर्थी वीज ठीक आहे, हा आपला नेहमीचा तर्क. तो येथेच फसतो. हेडलाइटचा 60 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे 5 अँपिअर प्रवाह घेतो. इंजिनाला पहिली गती देणारी स्टार्टर मोटर मात्र क्षणभर दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागते. आता वाटेतल्या एखाद्या सांध्यावर गंज चढून तेथे केवळ 0.02 ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजा. गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 साली प्रसिद्ध केलेला नियम आपण वर्गात शिकतोच : प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब. दिव्याच्या बाबतीत 5 गुणिले 0.02, म्हणजे अवघा 0.1 व्होल्ट वाया जातो. डोळ्यांना पत्ताही लागत नाही. स्टार्टरच्या बाबतीत मात्र 150 गुणिले 0.02, म्हणजे तब्बल 3 व्होल्ट! बारापैकी तीन त्या गंजाने खाल्ले, तर स्टार्टरने फिरावे कशाच्या बळावर?

हा सांधा बहुधा कोठे असतो? घरातल्या दिव्याला जाण्यायेण्याच्या दोन तारा असतात. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीच्या ऋण टोकापासून निघालेली जाड तार एका बोल्टने पत्र्याला आवळलेली असते; तिलाच ‘अर्थ’ म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातील मलाजखंडच्या खाणीतून निघते ते तांबे विजेचे उत्तम वाहक खरे. पण तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये पाणी शिरले की तेथे एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो आणि लोखंड झपाट्याने गंजते. पावसाळ्यात हा त्रास वाढतो तो यामुळे.

परीक्षा सोपी आहे, पण ती वडीलधाऱ्यांच्या समक्षच करावी. गाडी न्यूट्रलवर ठेवून हातब्रेक ओढावा. मल्टिमीटर व्होल्टवर लावून त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावे, आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. हात पंख्यापासून दूर असावेत. सांधे स्वच्छ असतील तर आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी राहतो. आमच्या मीटरने जवळजवळ 3 दाखविला! तो बोल्ट उघडताच खालून तांबूस भुगा निघाला. काचकागदाने पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला, वरून थोडे व्हॅसलीन लावले आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. बॅटरीच्या खांबांवर पांढरट-हिरवट भुकटी असेल, तर ती खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये.

असे काही सोडविताना ऋण तार आधी काढावी व शेवटी लावावी. नाहीतर धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला टेकला की मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने त्या ठिणगीने स्फोटही होऊ शकतो. हातातली अंगठी, कडे आधी काढून ठेवावे.

खुद्द बॅटरीची प्रकृतीही मीटर सांगतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 14 च्या आसपास आकडा हवा. तो 13 च्या खालीच राहिला, तर दोष बहुधा आल्टरनेटरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे.

एखादाच दिवा किंवा भोंगा बंद असेल तर प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तेथे तारेचा तुकडा खुपसण्याची आपल्याकडची हौस फार घातक आहे, कारण मग फ्यूजऐवजी आतली तार जळते आणि कधी कधी गाडीही. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांना तर घरी हातच लावू नये. त्या तारांतला दाब शेकडो व्होल्टचा असतो.

जुन्या ॲम्बॅसडरला पुढून हँडल मारून इंजिन सुरू करता येई. आजच्या मोटारींना ती सोय नाही. आमची मोटार त्यानंतर साऱ्या पावसाळ्यात अडली नाही. जुनी बॅटरी मात्र दुकानात बदल्यात दिली होती, ती गेली ती गेलीच.